तिच्या मोजणीतला समुद्र

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे समुद्राचा एक फोटो छापला. अकोल्यात, आमच्या घरच्या मोरीत, दुपारच्या वेळी. फोटो बिघडला आणि मी तिला बोललो. मग तिनं भाकरी टाकल्या, मी जेवलो. एवढंच. त्या दिवसात याच्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. फोटोच्या मागं नंबर टाकायचा आणि पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, एवढंच माझं लिहिणं. पण मुलगी अमरावतीहून फोन करते आणि मी हूं, हां करून ठेवून देतो, तर ती म्हणाली, बाबा, बोलत नाही तर लिहून तरी काढा. म्हणून बसलो.

अकोल्याला स्टेशनाच्या बाजूला एक स्टुडिओ होता. तिथं मी तेहेतीस वर्षं डार्करूममध्ये काढली. फोटो मालक काढायचे, धुवायचा आणि छापायचा मी. स्टुडिओत एक पडदा होता, भिंतभर, त्यावर समुद्र. अमरावतीच्या एका पेंटरनं काढलेला. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लाटा अशा ओळीत काढल्या होत्या की वावर पेरून ठेवलंय वाटावं. एका बाजूला नारळ, एक होडी, होडीत कोणी नाही. बाळापूरची, मूर्तिजापूरची, तिकडच्या खेड्यापाड्यांतली नवी जोडपी यायची, त्या पडद्यापुढं उभी राहायची. जिथं पाऊस नीट पडत नाही तिथल्या सगळ्या लोकांच्या भिंतीवर मागं समुद्र. आमचाही फोटो त्याच पडद्यापुढं आहे. लग्नानंतर आठ दिवसांनी मी तिला घेऊन गेलो. मालक म्हणाले, वहिनी, इकडं पाहा. ती पडद्याकडंच पाहत होती. घरी येताना मला विचारलं, "त्यात पानी कोठी हाये जी?"

मी म्हटलं, ते निळं आहे ते पाणी. ती म्हणाली, निळं तर आहे.

खरा समुद्र पाहायला वीस वर्षं लागली. तिचा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला आणि नोकरी लागली ती थेट दापोली तालुक्यात. आमच्याकडची बरीच पोरं तिकडं अशी लागतात, बदलीची वाट पाहत म्हातारी होतात. आम्हाला मात्र त्याच्यामुळं राहायला एक खोली झाली. रेल्वे, मग एसटी, मग परत एसटी. तिनं तीन दिवस पुरतील अशा दशम्या घेतल्या होत्या, जसं काही तिकडं चूलच पेटत नाही.

पहिल्यांदा पाण्यापाशी गेलो. तिनं वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"एवढं पानी," ती म्हणाली, "अन् एका वावराच्या कामाचं नाई."

मी स्टुडिओचा जुना कॅमेरा मागून आणला होता. दोन डोळ्यांचा, डब्यासारखा, पोटाशी धरून वरून काचेत पाहायचं. एका रोलमध्ये बारा फोटो. काळापांढरा रोल, कारण तो मला स्वतःला धुता येत होता. रंगीत मशीनला द्यावा लागायचा, आणि मशीनला काय कळते?

त्या बारा फोटोंनी मला वेड लावलं, खोटं कशाला सांगू. आमच्याकडं उजेड वरून पडतो आणि काळी जमीन तो गिळून टाकते. फोटोत काळी माती म्हणजे नुसता काळा डाग. तिकडं उजेड खालून येतो. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत एवढ्या तऱ्हेचे राखाडी असतात की मोजता येत नाहीत, राखेपासून घासलेल्या जर्मनच्या भांड्यापर्यंत सगळे. खडक ओला असला की कोळसा, वाळला की राख. मी रिकाम्या होड्या काढल्या, खडक काढले, पाणी मागं गेल्यावर वाळूवर राहतात त्या रेघा काढल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. असं करत करत सात-आठ वेळा गेलो असेन. लोक उन्हाळ्यात लग्नाला जायचे, आम्ही समुद्राला.

माणूस मात्र मी एकाही फोटोत येऊ दिला नाही. इतकी वर्षं माणसांचीच तोंडं धुतली होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल मारून नवरीच्या तोंडावरचे फोड मिटवले, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या कमी केल्या. पुरे झालं म्हटलं. ती चालत चालत काचेत आली की मी ओरडायचो, बाजूले हो वं. ती व्हायची. मागं छत्री धरून कॅमेऱ्याच्या पिशवीवर बसायची. आठ वर्षं मी तिला बाजूला हो म्हणत होतो. आता मोजायला बसलो तर समुद्राचे शंभराच्या वर फोटो निघतात आणि ते काढताना ती माझ्यापासून दहा पावलांवर होती, प्रत्येक वेळी. एकाही फोटोत नाही.

एक सोडून. आणि त्या एकावरून आमचं आयुष्यभर भांडण झालं.

त्याच्याआधी मोजणीचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकानं फोटो मोठा करायचं मशीन, ट्रे, लाल दिवा सगळं मला देऊन टाकलं. घेऊन जा म्हणाले, भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही. मी मोरीच्या खिडकीला काळा कागद लावला आणि समुद्र घरी छापायला लागलो. स्टुडिओत घड्याळ होतं, इथं नव्हतं. निगेटिव्हमधून कागदावर उजेड टाकायचा तो मोजून टाकावा लागतो. कमी पडला तर फोटो फिका, जास्त पडला तर काळा. आणि उजेड चालू असताना माझे दोन्ही हात गुंतलेले असतात. खडक फार काळा होऊ नये म्हणून त्याच्यावर तळहाताची सावली हलवत ठेवावी लागते. हात चालले की माझे आकडे चुकतात. मग ती पाटावर बसायला लागली, दिव्याचं बटण तिच्या हाताशी, आणि मोजायची ती.

तिचं मोजणं तिच्या बापाचं. तिचा बाप बाळापूरकडचा, खळ्यावर ज्वारी मोजायला गावात त्यालाच बोलवायचे. ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि दुसरी पायली भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत ठेवतात, म्हणजे चूक होत नाही. लाभ, लाभ. दोन, दोन. तीन, तीन. ती लहानपणी बापाच्या पाठीशी बसून ऐकायची. तशीच ती माझा उजेड मोजायची. जसं काही खळ्यावर पोतं भरून राहिली.

मी हसायचो. म्हणायचो, ज्वारी नाही, समुद्र आहे. ती म्हणायची, मोजून घेतलं तेवढंच आपलं, मग ज्वारी असो की काही असो.

प्रत्येक निगेटिव्हची मोजणी मी वहीत लिहून ठेवली. ओली वाळू चौदा. होडी एकोणीस. खडक आणि ऊन बावीस. सगळ्या वहीत तिचेच आकडे. हे आकडे घड्याळाचे नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेहेतीस वर्षं ज्याचा धंदा तोच हा, त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता ते बावीसचं भांडण.

दुपार उतरत आली होती, ऊन समोरून पाण्यावर. सगळं पाणी पेटल्यासारखं. डावीकडं एक मोठा खडक. मी कितीतरी वेळ काचेत पाहत उभा होतो आणि फोटो काढला. अकोल्याला येऊन छापला तेव्हा खडकाच्या उजवीकडं, पाण्याच्या चमकेत एक उभा पांढरा डाग दिसला. तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याला चिकटून खाली एक बारीक काळा ठिपका.

तिनं पाहिल्याबरोबर बोट ठेवलं. "हे मी होय."

मी म्हटलं, ती पाण्याची चमक आहे. मी काचेत पाहिलं होतं, तिथं कोणी नव्हतं.

ती म्हणाली, पायाची वाळू धुवायला गेली होती मी पाण्यात, ती फिकी पिवळी साडी होती, पदर डोक्यावर होता, हातात चपला होत्या. मी म्हटलं, ते काळं म्हणजे शेवाळ आहे. ती म्हणाली, माझ्या चपलांना शेवाळ म्हणता?

किती वर्षं चाललं हे. पाहुणे आले की ती तो फोटो काढून दाखवायची. म्हणायची, "माह्या नवऱ्यानं समुद्रावर काढलेला माहा एकच फोटो हाये, अन् थोही त्याले मंजूर नाई." लोक हसायचे. मीही हसायचो, पण मानलं नाही. मानलं असतं तर माझं काय जात होतं? पण माझ्या काचेत माणूस आला आणि मला दिसला नाही, असं मी म्हणायला तयार नव्हतो. नजर एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. शाळा नाही, जमीन नाही. नजर होती.

मागच्या वर्षापासून तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालं आहे, जिने चढू नका. आमच्या घराला जिनाच नाही, ती म्हणाली, मग मी बरी आहे. पण दोन खोल्यांत फिरताना ती मधे थांबायची, दाराला हात लावून. आणि तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं. तो फोटो मोठ्यात मोठा काढा. माझ्याकडं मोठ्या कागदाचं एकच पान उरलं होतं. काळापांढरा कागद आमच्याकडं मिळत नाही. अमरावतीच्या एका लग्नाच्या फोटोवाल्यानं दुकान आवरताना दिलेलं पाकीट, त्यातलं शेवटचं. मी म्हणायचो, थांब, वाया जाईल. ती म्हणायची, एकदा ठरून जाऊ द्या, मी होय का पाणी. मी आज उद्या करत राहिलो.

ती गेली त्याला आता आठ महिने झाले. मधे मुलीनं कुठूनतरी कागदाचं पाकीट मागवून दिलं. बाबा, तुमचं काम करत राहा म्हणाली. मी एकदा मोरीत बसलो. वही उघडली, खडक आणि ऊन बावीस, मोबाइलवर बावीस सेकंद लावले. फोटो आला असा फिका, जसं दुधात पाणी. मला वाटलं कागद जुना दिला. दुसरा लावला, तोही तसाच. तिसऱ्या वेळी समजलं. तिचे बावीस घड्याळाच्या बावीसपेक्षा लांब होते. लाभ म्हणायला तिला किती वेळ लागायचा, एक आकडा दुसऱ्यांदा घोळवायला किती, हे मी कधी पाहिलंच नाही.

कागदाच्या पट्ट्या करून, कमी जास्त उजेड टाकून बरोबर वेळ काढता येते. पोटासाठी तेच तर केलं मी. पण ती वेळ मला शोधायची नव्हती. मी अंधारात बसून तिच्यासारखं मोजून पाहिलं. लाभ, लाभ. दोन, दोन. माझ्या तोंडातून ते घाईघाईनं निघायचं, नाहीतर मुद्दाम लांबवल्यासारखं. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला माझं मलाच कळायचं की हे ते नाही. लाल दिवा चालू ठेवून मी पाटाकडं पाहत बसायचो. पाट अजून तिथंच आहे. मुलगी म्हणाली, बाबा, पाय अडकून पडाल, तो उचला. नाही उचलला.

लोक म्हणतात घर खायला उठते. मला घर काही करत नाही. दुपारी चार वाजता मोरीत मात्र कोणीतरी मोजावं वाटते. दुसरं काही नको, बोलू नको, भाकरी टाकू नको. नुसतं बावीसपर्यंत मोज.

आता त्या शेवटच्या दुपारचं.

मी नुकताच जेवून पडलो होतो, तर मोरीत ट्रेचा आवाज आला. पाहतो तर तिनं तिन्ही ट्रे मांडले होते, दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या आणि पाटावर बसून दम टाकत होती. म्हणाली, आज करू. मी चिडलोच, पण उठलो. मशीनचं डोकं दांड्यावर वर नेता येईल तेवढं नेलं, तसा फोटो मोठा पडतो. लहान तुकडा लावून अंदाज घेतला. एवढ्या मोठ्या फोटोला साठ मोजावे लागणार होते, एवढं तिनं कधी मोजलं नव्हतं. मी विचारलं, होईल का? ती म्हणाली, "बापानं हजार मोजले, मले साठ नाई होनार?"

मी ते शेवटचं पान लावलं. तिनं बटण दाबलं. लाभ, लाभ. मी खडकावर हाताची सावली हलवायला लागलो. तीस झाले, पस्तीस झाले, आवाज बारीक झाला. एक्केचाळीस म्हणाली आणि थांबली. उजेड चालूच. मला वाटलं आता म्हणेल. ती नुसती श्वास घेत होती, वरवर. माझे दोन्ही हात दिव्याखाली, आणि माझ्या डोक्यात एकच, की कागद जळून राहिला. मी म्हटलं, अवं मोज ना. थोड्या वेळानं ती म्हणाली, एक्केचाळीस, आणि तिथूनच पुढं मोजत गेली. प्रामाणिकपणे साठपर्यंत. मग बटण बंद केलं.

ट्रेमध्ये टाकल्याबरोबर फोटो धावत आला. आधी आभाळ काळं झालं, मग सगळंच. लाल उजेडात तो तव्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "एक काम सांगतलं तुले, थेही जमत नाई."

मी कागद पुढच्या ट्रेमधून काढला आणि तसाच बादलीत टाकला. दिवासुद्धा लावून पाहिला नाही. खिडकीचा काळा कागद काढून ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. संध्याकाळी तिनं भाकरी टाकल्या, वर तेल आणि ठेचा. वाढताना म्हणाली, "सकायी उजेडात पाहा थो फोटो."

मी म्हटलं, त्यात काय पाहायचं आहे.

"पाहा तं खरं," ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

सकाळी मला साडेपाचला जाग आली. रोज ती आधी उठायची. त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून निजली होती. कालची थकली असेल म्हणून मी आवाज न करता मोरीत गेलो. तोंड धुवायला बादली पाहिजे होती, आणि बादलीत तो कागद पालथा तरंगत होता. फेकायला म्हणून उचलला आणि उलटा केला. खिडकीतून नुकता उजेड आला होता.

फोटो गेलाच होता. खडक म्हणजे नुसतं भोक. आभाळ असं भरून आलेलं की त्या दिवशी तसं नव्हतंच. पण जिथं पाणी चमकून पांढरं फटक पडायचं, तिथं जास्तीच्या उजेडानं राखाडी उतरला होता. पाण्याच्या सुरकुत्या दिसत होत्या. आणि त्या पांढऱ्या डागाला पाठ होती. डोक्यावर पदर होता. डाव्या हातानं निऱ्या वर धरल्या होत्या, उजव्या हातात चपला, एक वर, एक खाली लोंबलेली. घोट्याएवढ्या पाण्यात ती उभी होती आणि पुढं पाहत होती. माझ्याकडं पाठ करून, मी बाजूला हो म्हणायच्या आधी.

मी एकटाच हसलो मोरीत. कागद दोन्ही हातांवर आडवा धरला, फाटू नये म्हणून, आणि पाणी गळत तसाच आतल्या खोलीत गेलो.

"उठ वं," मी म्हटलं. "तूच होय."

ती उठली नाही. मी पुन्हा म्हटलं, चपलाही आहेत, पाहा. मग कागद खाटेच्या कडेला ठेवला आणि तिच्या नाकाशी हात नेला. माझा हात ओला होता. ओल्या हाताला थोडाही वारा लागला तर गार लागते, म्हणून मी थांबलो. लाभ, लाभ. दोन, दोन. तीन, तीन. तेव्हा ते तिच्यासारखंच निघालं, न घाई करता, न लांबवता. तेव्हाच एकदा. मी साठपर्यंत मोजलं.

खाटेवरून पाणी जमिनीवर गळत होतं. ओला कागद तसाच पडू दिला तर वाकडा होतो. मी तो उचलला, मोरीतल्या दोरीला दोन चिमटे लावून टांगला. मग दार उघडून शेजारच्या वहिनींना हाक मारली.